तुजला आणि तुले

तोतारामभाऊ म्हटलं की मला आधी त्यांचे पाय आठवतात. याला कारण माझी जागा. आमच्या गावात दरवर्षी माघातल्या जत्रेत 'संगीत हेमांगिनी' होतं आणि मी त्या नाटकात पायपेटी वाजवतो. बाजारओट्यावर फळ्या टाकून रंगमंच उभा करतात आणि त्याच्यापुढे साथीदारांसाठी खड्डा खणतात. पेटीवर बसलं की फळ्या बरोबर डोळ्यांसमोर येतात. लोकांना राजा दिसतो, सेनापती दिसतो. मला त्यांच्या टाचा दिसतात. तसं माझं गावात औषधांचं दुकान आहे, पण गावाच्या लेखी मी पेटीमास्तर. जुलाब लागलेला माणूससुद्धा "मास्तर, काही गोळीबिळी द्या" म्हणत येतो. आता या वयात कोणाकोणाला सुधारायचं?

भाऊंचे पाय भाजीपाला पिकवणाऱ्या माणसाचे पाय होते. टाचांना भेगा, अंगठ्याचं नख काळं पडलेलं, बोटं पसरलेली. पण पौष लागला की ते रोज संध्याकाळी घमेल्यात कोमट पाणी घेऊन पाय सोडून बसत आणि मग तिळाचं तेल चोळत. मिरची बंद, चिंच बंद, बिडी तर जन्मातच नव्हती. जत्रेच्या दिवशी त्या पायांना आळता लागला, वर नऊवारीचा काठ आला, की खड्ड्यात बसलेल्या मला शपथेवर सांगता आलं नसतं की हा पुरुषाचा पाय आहे. ते पाय फळ्यांवर यायचे आणि डावा पाय किंचित ओढत पुढं सरकायचे. आमच्या गावची हेमांगिनी डावा पाय ओढत चालते. का, ते पुढं येईलच.

आधी या नाटकाबद्दल सांगायला हवं, नाहीतर बाहेरच्या माणसाला वाटायचं की मेहकर तालुक्यात, हिवरा आश्रमाच्या रस्त्यावरून आत वळलेल्या एका खेड्यात या लोकांना संगीत नाटकाचं खूळ कुठून लागलं. आमच्या आजोबांच्या काळात एक फिरती नाटक कंपनी गावात आली. मालक इथंच आजारी पडला आणि इथंच गेला. कंपनी पांगली. मागे राहिली ती एक पायपेटी, एक कपड्यांची ट्रंक आणि कंपनीचा म्हातारा प्रॉम्प्टर, ज्याला जायला घर नव्हतं. त्यानं गावातल्या गड्यांना हे एकच नाटक पाठ करून दिलं. हस्तलिखित वाळवीनं खाल्लं, प्रॉम्प्टर गेला, पण तोवर नाटक गावाच्या तोंडी बसलं होतं. हेमांगिनी ही राजाची सून. नवरा लढाईवर जातो, ती रोज नदीच्या घाटावर त्याची वाट पाहते. तिसऱ्या अंकात तो पडल्याची बातमी येते आणि ती एकटी गाते. शेवटी बातमी खोटी ठरते, नवरा परत येतो, मंगलपद होतं आणि लोक डोळे पुसून गुळशेव घेऊन घरी जातात.

हे नाटक प्रत्येक पिढीत एकदा मेलं आहे. तंबूतला सिनेमा आला तेव्हा मेलं. गावात वीज आल्यावर रंगीत दिवे लावून पुन्हा उभं केलं. घरोघरी टीव्ही आले तेव्हा परत मेलं. मग काही रिकामटेकड्या लोकांनी, ज्यांत मी एक, ट्रंक उघडली, उंदरांनी उरवलेलं काय आहे ते पाहिलं आणि हेमांगिनी कोण करणार असा प्रश्न पडला. तेव्हा बाया नाटकात काम करत नसत. शेषराव म्हणाले, "मळ्यातून येतानी तो तोताराम काय गाते, आयकलं का तुमी?" शेषराव आमच्या नाट्य मंडळाचे अध्यक्ष. तेव्हाही होते, आजही आहेत.

अशा रीतीनं वांगी-मेथी पिकवणारे तोतारामभाऊ राजाची सून झाले.

झाले ते असे झाले की नाटक त्यांच्या अंगावरून उतरेना. एरवी साधा, कमी बोलणारा माणूस. पण राग आला की नाटकातली भाषा तोंडात यायची. मेहकरच्या बाजारात एका बाईनं त्यांच्या वांग्याला नख लावून पाहिलं. भाऊ ताठ बसले आणि म्हणाले, "भद्रे, हे काय आरंभिलंस? परवस्तूस नख लावणं तुजसारखीला शोभतं काय?" ती बाई घाबरून पिशवी टाकून निघाली. शेजारी भाऊंची बायको बसली होती, गोदावहिनी. तिनं हाक मारून बाईला परत बोलावलं. "त्याहीचं मनावर नोका घेऊ, बाई. नाटक चावलं हाय त्याहीले. घ्या, मूठभर कोथमीर वरून देते." मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "तुमच्या बाईले भाजी इकता येत नाई. तुमी गप बसा."

'तुमची बाई' म्हणजे हेमांगिनी. भाऊसुद्धा तिला 'बाई'च म्हणत, नावानं कधी नाही. तालमीत पद जमलं नाही तर म्हणत, "आज बाई येऊन नाई राह्यली, मास्तर. उद्या पाहू." आणि उठून चालायला लागत. शेषराव चिडत. मला गंमत वाटे, आणि थोडी भीतीही, कारण ज्या दिवशी बाई यायची त्या दिवशी ते खरंच कळायचं.

आता तो पाय. पहिल्या वर्षी भाऊंना पदं आली, भाषणं आली, पण चाल काही येईना. फळ्यांवर ते पाणी सोडायला निघालेल्या माणसासारखे चालायचे. एक दिवस मी मळ्यात गेलो तर वहिनी डोक्यावर घागर घेऊन बांधावरून चालताहेत आणि भाऊ मागून वाकून पाहताहेत.

"काऊन हो, मागून काय पाहून राह्यले?" वहिनी.

"तुह्यी चाल पाहून राह्यलो."

"लंगडीची चाल काय पाहता? तुमची बाई राजाची सून होय ना?"

लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडून वहिनींचा डावा पाय मोडला होता, तो कोणी नीट बसवला नाही. फार नाही, पण ओढायच्या. भाऊ म्हणाले, "राजाची सून हाय, पन वाट पाहून पाहून थकली हाय. थकलेली बाई अशीच चालते."

त्या जत्रेत हेमांगिनी डावा पाय ओढत फळ्यांवर आली आणि बायांच्या बाजूला खसखस पिकली. सगळ्या गावानं ती चाल ओळखली. वहिनींनी पदर तोंडावर घेतला आणि उठून घरी गेल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत; ताट वाढायच्या आणि भिंतीला सांगायच्या, "जेवाले या म्हनावं." पण पुढच्या वर्षी सगळ्यात पुढं येऊन बसल्या, ते दर वर्षी. लिहितावाचता येत नव्हतं, पण नाटक अथपासून इतिपर्यंत पाठ. घरी भाऊंचा सूर घसरला की स्वयंपाकघरातून झाकण आपटल्याचा आवाज यायचा. भाऊ मला सांगायचे, "तुमच्या पेटीपेक्षा ते झाकन सुरात हाय, मास्तर." मी हसून घ्यायचो. खोटं नव्हतं.

आणि लोक कसे असतात पाहा. बाहेरगावचे लोक नाटक पाहायला यायचे, परत जाऊन आपल्या गावात ते बसवायचे, आणि त्यांच्याही हेमांगिनी डावा पाय ओढायच्या. त्यांना वाटलं, नाटकात तसंच लिहिलेलं आहे.

एका वर्षी दिवाळीनंतर गोदावहिनी गेल्या. सकाळी मेथी उपटता उपटता दमल्या म्हणून बांधावर बसल्या, आणि उठल्याच नाहीत. दुखणं नाही, दवाखाना नाही. मूलबाळ नव्हतं, घरात भाऊ एकटे राहिले. यंदा नाटक नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. कोणी त्यांना विचारायलाही गेलं नाही. पौषात मी सहज म्हणून गेलो तर ओसरीत घमेलं, त्यात कोमट पाणी, आणि पाण्यात पाय सोडून बसलेले भाऊ. आत स्वयंपाकघर अंधारं होतं.

तिसऱ्या अंकातलं ते पद असं आहे:

सरली वाट, सांज उतरली,
सांग शोधु कुठे तुजला?

केरवा तालात बांधलेलं. 'तुजला'च्या चार मात्रा. तु, ज, आणि ला लांब. त्यापुढे सम. इतकी वर्षं वाजवून माझ्या बोटांना ते पाठ होतं. त्या वर्षी भाऊ घाटावर आले, म्हणजे फळ्यांवर, डावा पाय ओढत. समोर पहिल्या रांगेत वहिनींची जागा होती. तिथं कोणी बसलं नव्हतं, कोणी सांगितलं नसतानाही. भाऊंनी पद उचललं. "सरली वाट, सांज उतरली, सांग शोधु कुठे तुले?"

तुले. राजवाड्यातली, पुस्तकी बोलणारी सून आमच्या चुलीपुढच्या बोलीत बोलली. आणि दुसरा कोणी असता तर 'ले' लांबवून मात्रा भरून काढली असती. भाऊंनी तो तोडला, आपण घरात तोडतो तसा. माणूस दुसऱ्या खोलीत असलं की आपण जसं म्हणतो, "तुले सांगतलं ना!" तसा. एक मात्रा रिकामी राहिली. मी दचकून पेटीवर एक सूर टाकला आणि ती बुजवली.

मग बायांच्या बाजूनं हुंदके सुरू झाले. आणि मग शेषराव उभे राहून ओरडले, "वन्समोर!" त्यांच्यामागे सगळं गाव. आमच्याकडे वन्समोर मिळाला की गायचंच, असा रिवाज आहे. राजा मेलेला असला तरी उठून गातो. पण भाऊ लोकांकडे पाठ करून उभे राहिले. मला त्यांच्या पायाची बोटं दिसत होती. ती फळीला धरून होती. लोक दमेपर्यंत ते तसेच उभे होते, आणि मग काहीच घडलं नाही अशा आवाजात पुढचं भाषण म्हणाले.

रंग पुसताना मी म्हटलं, "भाऊ, आज शब्द बदलला."

"कोन्ता?"

"तुजलाच्या जागी तुले म्हटलं तुमी."

"म्या तुजलाच म्हटलं," भाऊ म्हणाले. "कानात तेल घाला, मास्तर."

पुढच्या वर्षी त्यांनी 'तुजला' म्हटलं. स्वच्छ, मोजून, चारही मात्रा. लोक थांबले आणि मग मागून आवाज आला, "तुले म्हना, भाऊ!" मग दुसरा, तिसरा. गाव त्या चुकीच्याच प्रेमात पडलं होतं. भाऊंनी नाटक संपवलं आणि सकाळी नऊवारी, बांगड्या, गंगावन असं सगळं गाठोड्यात बांधून शेषरावांच्या ओसरीवर ठेवलं. गळा गेला म्हणाले. लोकांनी मानलं. गळा नव्हता गेला. तो नंतर गेला.

त्यानंतर किती हेमांगिनी आल्या! आधी गावातला एक शिंपी, मग बाया काम करू लागल्या तेव्हा चिखलीहून गाणारी एक बाई. ती नीट शिकलेली होती. तिनं विचारलं, अशा भाषेच्या नाटकात मधेच 'तुले' कसं? शेषराव म्हणाले, "थेच तर आमचं नाटक हाय." हळूहळू जत्रेच्या फलकावर छापून येऊ लागलं: संगीत हेमांगिनी, 'तुले'वाली. मोबाइल आले तेव्हा पोरांनी तेवढंच पद चित्रित करून जगभर पाठवलं. भाऊ दर वर्षी नाटकाला येत, मागं बसत आणि तिसरा अंक सुरू झाला की उठून जात. त्यांच्या मळ्यापर्यंत भोंग्याचा आवाज जायचाच. तिथं जाऊन ते काय करत असतील, याचा विचार माझ्या मनात यायचा, आणि मग मी तो करत नसे. मी माझी एक मात्रा बुजवून पुढं जात असे.

दुसरं एक होत होतं, ते मात्र मी रोज पाहत होतो. भाऊ डावा पाय ओढायला लागले होते. नाटकात नाही, रस्त्यानं. दुकानात आले की मी म्हणे, दाखवून या. एकदा बुलढाण्याला नेऊन पायाचा फोटोही काढला. काही निघालं नाही.

"डाक्टर म्हनते पाय बरा हाय," भाऊ म्हणाले.

"मंग ओढता काऊन?"

"म्या कुठी ओढतो?"

हे म्हणताना त्यांचं तोंड तसंच होतं, "म्या तुजलाच म्हटलं" म्हटलं तेव्हा होतं तसं. मळ्यात बांधावरून चालताना ते कडेकडेनं चालत, मधली पायवाट सोडून. पायाखालची ढेकळं सुटत, घसरायला होई, पण मधून चालत नसत. एकदा मी मधून चालायला लागलो तर माझा दंड धरून त्यांनी मला बाजूला घेतलं. माझ्या अंगावर मात्र काटा आला, हे लपवण्यात अर्थ नाही.

मागच्या खेपेला नाटक पुन्हा नव्यानं उभं राहिलं. भोंगे दहाच्या आत बंद करायचा नियम आल्यापासून आमचं पहाटेपर्यंत चालणारं नाटक आटत आटत दुपारवर आलं होतं. भर उन्हात सांज उतरायची. लोक कंटाळले, एक-दोन वर्षं पडदा उघडलाच नाही. मग आमच्या शाळेवर आरती मॅडम आल्या. माहेर संग्रामपूरकडचं, गळा असा की शाळेची प्रार्थना ऐकायला लोक रस्त्यात थांबायचे. शेषरावांनी त्यांना गाठलं. मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे लहानपणी पाहिलंय मी हे नाटक. हेमांगिनीला लहानपणी बाण लागलेला असतो ना? म्हणून ती डावा पाय ओढते." मी पेटीवर डोकं ठेवून हसलो. भाऊ हसले नाहीत. त्यांनी मॅडमकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हाव. बानच होय तो."

आणि ते मॅडमना शिकवायला तयार झाले.

शाळा सुटली की मॅडम मळ्यात येत, मी हातपेटी घेऊन जात असे. भाऊंचा गळा तोवर खरंच गेला होता. शब्द सांगायचे, सूर हातानं दाखवायचे, आणि जमलं नाही की शेजारच्या डब्याचं झाकण आपटायचे. सगळी पदं झाली. घाटावरचं पद मात्र ते रोज उद्यावर टाकत. शेवटी जत्रा तोंडावर आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आजोबा, ते पद राहिलंय. आणि मला एक सांगा, जुन्या चित्रणात त्या शब्दानंतर मास्तरांची पेटी एक सूर जास्तीचा का वाजवते?"

"मास्तर खड्ड्यात बसते अन् खड्डे बुजोते," भाऊ म्हणाले. मग वांग्यांच्या ओळींकडे पाहत बसले. मॅडमनी घाई केली नाही. चांगली शिक्षिका आहे.

"मॅडम," बऱ्याच वेळानं भाऊ म्हणाले, "तुमी तुजला म्हना."

"पण गावाला तुले हवंय. फलकावरसुद्धा…"

"तो शब्द नाटकातला नाई. घरचा होय. म्या गोदीले हाक मारली तवा. समोर तिची जागा रिकामी दिसली अन् तोंडातून निघून गेला. एवढे दिवस म्या कबूल नाई केलं. कबूल केलं असतं तर तो त्याहीचा झाला असता." त्यांनी झाकण डब्यावर बसवलं. "दर साल माह्या घरचं भांडं हे लोक मांडवात मांडते, बाई. वाजोते अन् टाळ्या पिटते. मले ते घरी पाह्यजेन. तिच्यासंगं बोलाले माह्यापाशी दुसरा शब्द नाई. घरी तोंडात आला की भोंग्यातला आवाज आयकू येते. मी तिले हाकच मारू नाई शकत."

मी त्या माणसाला इतकी वर्षं ओळखत होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं. मला रडू आलं. मी पेटीचा भाता दाबून धरला, आवाज होऊ नये म्हणून.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "मग यंदा तुम्ही तिसऱ्या अंकाला उठून जायचं नाही. पुढं बसायचं."

शेषरावांना हे कळलं तेव्हा ते दुकानात येऊन माझ्यावरच उखडले. "फलक छापून झाले बे! लोक तुलेसाठी येऊन राह्यले. इतक्या वर्सानं मांडव भरन, अन् तुमी त्याच्यातला जीवच काढता? नाटक पुन्हा बंद पडलं तर उघडन कोन?" माणूस वाईट नाही. त्यांचंही खरं होतं. नाटक इतक्यांदा मेलेलं त्यांनीच उचललं होतं. पण मॅडम ऐकेनात.

जत्रेच्या दुपारी मांडव असा भरला की कनातीवरून पोरं लोंबत होती. भाऊ पहिल्या रांगेत, वहिनींच्या जागेच्या शेजारी. ती जागा त्यांनी उपरणं टाकून धरली होती. तिसरा अंक लागला. मॅडमचे आळत्याचे पाय फळ्यांवर आले, डावा ओढत. मला क्षणभर वहिनी बांधावरून आल्याचा भास झाला. "सरली वाट, सांज उतरली, सांग शोधु कुठे तुजला?"

माझं बोट सवयीनं जास्तीच्या सुरावर गेलं होतं. तिथं जागाच नव्हती.

"चुकली!" कोणीतरी म्हणालं. मग सुरू झालं. "तुले! तुले!" टाळ्यांच्या तालावर सगळा मांडव. मॅडमनी ओळ पुन्हा घेतली आणि पुन्हा तुजला म्हटलं. आवाज दुप्पट झाला. शेषराव खड्ड्याच्या काठावर येऊन वाकले, "मास्तर, तिले तुले म्हनाले लावा!" मी म्हटलं, "पेटीले शब्द येत नाईत, शेषराव."

आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांसमोरच्या फळ्यांवर दोन पाय आले. आळता नसलेले, पाण्यात न भिजवलेले, भेगांत माती असलेले. डावा ओढत. मांडव गप्प झाला. लोकांना वाटलं, आता खरा शब्द खऱ्या तोंडून मिळणार.

भाऊंनी गळ्यात उरलेलं सगळं गोळा केलं. फाटका, घासलेला आवाज, पण सुरात. "सरली वाट, सांज उतरली, सांग शोधु कुठे…"

आणि ते थांबले. तुजलाही नाही, तुलेही नाही. मी हात पेटीवरून उचलले. तबलजीनंही थांबवलं, त्याला कोणी खूण केली नव्हती. चार मात्रा तशाच गेल्या. कोणी बुजवल्या नाहीत. त्या चार मात्रांत मांडवातल्या प्रत्येकाला आपापलं कोणीतरी आठवलं असावं, कारण बायांच्याच नव्हे, गड्यांच्या बाजूनंही नाक ओढल्याचे आवाज आले. समेवर मॅडमनी पुढची ओळ उचलली. ते पाय वळले आणि पायऱ्यांकडे गेले. वन्समोर कोणी मागितला नाही. शेषरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती.

होळीच्या आधीच भाऊ गेले. यंदाच्या जत्रेत मॅडमनी ते पद म्हटलं तेव्हा त्या शब्दापाशी थांबल्या, आणि सगळं गाव त्यांच्याबरोबर थांबलं. आता हाच रिवाज होणार, हे मला दिसतं आहे. चार गावं पलीकडे कोणीतरी याचंही काही कारण सांगेल. हेमांगिनीला तिथं उचकी लागते म्हणेल. सांगू देत.

भाऊ फळ्यांवर आले त्या दुपारनंतर ते मला पुन्हा दिसले नाहीत असं नाही, पण माझ्या लेखी शेवटची भेट दुसऱ्या दिवशी सकाळची. टाचांसाठी मलमाची डबी घेऊन मी मळ्याकडे गेलो. ते वांग्यांना पाणी देत होते. एक सरी भरली की फावडं खांद्यावर टाकून बांधानं पुढच्या सरीकडे, कडेकडेनं, मधली वाट सोडून. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. ते बोलत होते, रोजच्या आवाजात, मान जराशी बाजूला वळवून.

"मॅडमनं चांगलं म्हटलं काल. मास्तरही सुरात होता. तुले सांगतो, गोदे, मले वाटलं तू झाकन आपटतं का काय."

'ले' त्यांनी तसाच तोडला होता. पुढं ते थोडे थांबले, समोरचं माणूस बोलत असलं की आपण थांबतो तेवढे, आणि मग हसले. मी डबी बांधाच्या टोकाला दगडावर ठेवली आणि परत फिरलो.